हाताला काम, कानाला गोष्ट: ऑडिओबुक नव्याने ऐकू लागताना

आईच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. नवा नंबर पक्का होईपर्यंत महिना-सव्वा महिना चष्मा करायचा नाही, असं ठरलं आणि तोवर बारीक अक्षर दिसणार नव्हतं. सार्वजनिक वाचनालयातून, म्हणजे आम्हा नाशिककरांच्या सावानातून, आठवड्याला दोन पुस्तकं आणणारी बाई ती. पहिले तीन दिवस तिने कसेबसे काढले. चौथ्या दिवशी सकाळी ती मेथी निवडायला बसली, तेव्हा मी ओट्यावर फोन ठेवला आणि एक कथा लावली. कथेतल्या सुनेने पत्र उघडलं होतं, आत काय आहे ते अजून कळायचं होतं, आणि वाचणारी बाई तिथे क्षणभर थांबली. तेवढ्या थांब्यात आईच्या हातातली काडी तशीच राहिली. पान खुडलेलं नाही, काडी टाकलेली नाही. आवाज पुढे सरकला तसे तिचे हातही पुढे सरकले. मेथी संपली. मग तिने लसूण सोलायला घेतला. त्या दिवशी लसूण लागणारही नव्हता.

त्याआधी मी स्वतः ऑडिओबुकचा नाद सोडून दिला होता. हौसेने वर्गणी भरली, रात्री अंथरुणावर पडून इअरफोन लावायचे, दहाव्या मिनिटाला डोळा लागायचा आणि सकाळी बघावं तर पुस्तक तीन प्रकरणं पुढे गेलेलं. मग वेग दीडपट करून पुस्तकं ‘संपवायला’ लागले. त्यात ऐकल्याचं सुख काही मिळेना. शेवटी ॲप काढून टाकलं आणि सगळ्यांना सांगू लागले की मला हातात पुस्तक लागतं, ऐकून जमत नाही. आईला लसूण सोलताना पाहिलं तेव्हा लक्षात आलं, मी ऐकायची वेळ चुकीची निवडली होती आणि रीतही.

तेव्हापासून जे जे करून पाहिलं आणि जमलं, ते इथे ओळीने सांगते. ज्यांनी कधीच ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी, आणि ज्यांनी एकदा ऐकून सोडून दिलं त्यांच्यासाठी तर नक्कीच.

पहिली पायरी: ॲपच्या आधी काम शोधा

नवीन माणूस पहिल्यांदा विचारतो, ‘कुठलं ॲप घेऊ?’ मी उलट विचारते, ‘हाताने रोज कुठलं काम करता?’ सगळं या उत्तरावर ठरतं. हात सवयीच्या कामात असले आणि त्या कामाला शब्द लागत नसले, की गोष्ट कानात नीट उतरते. भाजी निवडणं, कपड्यांच्या घड्या, इस्त्री, वाती वळणं, विणकाम, झाडांना पाणी घालणं, नेहमीच्या वाटेवर चालणं ही सगळी ऐकण्याची कामं. मेसेजला उत्तरं देणं, हिशेब, मुलांचा अभ्यास, पहिल्यांदाच करत असलेला पदार्थ ही ऐकण्याची कामं नव्हेत. शब्दांचं काम आणि शब्दांची गोष्ट एका वेळी डोक्यात मावत नाहीत. दोन्हींतलं एक सांडतंच. आणि काहीच न करता नुसतं बसून ऐकायला गेलात, तर सुरुवातीच्या दिवसांत हात आपोआप फोनकडे जातो.

हे काही नवं नाही. चातुर्मासात घरोघरी पोथी लागायची तेव्हा एक जण वाचायचा आणि बाकीच्यांच्या हातात वाती नाहीतर निवडायचं धान्य असायचं. नवविधा भक्तीत पहिलं नाव श्रवणाचं, कीर्तनसुद्धा त्याच्या मागून येतं. आपल्या टाकळीला बारा वर्षं तप केलेल्या समर्थांनीही तोच क्रम ठेवला. गोदाघाटावर मे महिन्याच्या संध्याकाळी वसंत व्याख्यानमाला ऐकत वाढलेल्या नाशिककराला तास-दीड तास कान देऊन बसणं जड जायला नको. कान तयारच आहेत, मधल्या काळात त्यांना कोणी कामाला लावलेलं नाही एवढंच.

दिंडोरीला मामांच्या द्राक्षबागेत हे मला फार छान दिसलं. ऑक्टोबर छाटणीनंतर घड लागले की मणी विरळायचं काम निघतं. मांडवाखाली बायका बारीक कात्री घेऊन उभ्या राहतात आणि घडातले जादा मणी एकेक करून काढतात. मान वर, हात वर, दिवसभर तेच. पूर्वी फोनवर गाणी लागायची. मी गेले तेव्हा एकीने फोन कापडी पिशवीत घालून मांडवाच्या तारेला अडकवला होता आणि आठ-दहा जणी एक कथा ऐकत होत्या. जेवणाच्या सुट्टीत गोष्ट अर्धी राहिली. जेवून परत येताना पाण्याची बाटली भरायच्या आधी एक मावशी म्हणाल्या, ‘तिचं पुढं काय झालं ते लाव बाई आधी.’

म्हणून पहिला आठवडा एवढंच करा. रोजचं एकच काम ठरवा, वेळ एकच ठेवा आणि वीस मिनिटं ऐका. कृषीनगरच्या नाहीतर गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर सकाळी चालत असाल, तर तेवढ्या फेऱ्या पुस्तकाच्या. काम संपलं की पुस्तकही बंद. गोष्ट मधेच तुटली तर तुटू द्या, उद्या चालायला जायला तेच कारण होतं.

दुसरी पायरी: पहिलं पुस्तक ओळखीचं घ्या

लोक इथे चुकतात. ‘वाचायची राहून गेलेली’ सहाशे पानांची कादंबरी घेतात, तीस पात्रं, चार पिढ्या, आणि दुसऱ्या दिवशी कोण कोणाचा काका तेच कळत नाही. छापील पुस्तकात दोन पानं मागे जाता येतं. कानाने ऐकताना मागे जाणं जिकिरीचं असतं.

पहिल्यांदा एकदा वाचून झालेलं, आवडलेलं पुस्तक घ्या. मन मधे भरकटलं तरी धागा तुटत नाही. शिवाय वाचताना डोळ्यांनी ओलांडलेलं एखादं वाक्य वाचणाऱ्याच्या आवाजात थांबून समोर येतं. ‘हे इथे होतं?’ असं होतं. मला हरवलेली गोडी परत मिळाली ती याच वाटेने.

नाशिककराला मी पहिलं नाव सुचवते ते ‘श्यामची आई’. साने गुरुजींनी ते १९३३ साली इथल्या तुरुंगात लिहायला घेतलं. त्याची बांधणीच ऐकण्याची आहे. प्रकरणांना प्रकरण म्हटलेलंच नाही, ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’ असं म्हटलंय. श्याम बोलतो आणि मित्र भोवती बसून ऐकतात. म्हणजे ते पुस्तक कानाने ऐकता तेव्हा तुम्ही त्या मित्रांच्यात जाऊन बसता. एका दिवसाला एक रात्र, बस. गुरुजी १९५० साली गेले. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे या पुस्तकाचं वाचन आता कोणीही रेकॉर्ड करू शकतं. एकाच मजकुराचे वेगवेगळे आवाज लावून पाहण्याची सोय त्यातून आपोआप होते, आणि ती पुढच्या पायरीला कामाला येते.

ओळखीचं पुस्तक नकोच असेल तर कथासंग्रह, आत्मकथन किंवा प्रवासवर्णन घ्या. आत्मकथनात ‘मी’ बोलत असतो, त्यामुळे कान पटकन विश्वास टाकतो. विनोदी कथा तर ऐकण्यासाठीच जन्मल्यासारख्या असतात. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर या तिघांनी कथाकथनाने गावोगावची मैदानं भरवली, ती उगाच नाही. कविता ऐकायच्या तर एका वेळी एक-दोनच. तळटीपा, सनावळ्या आणि आकड्यांचे तक्ते असलेली पुस्तकं मात्र डोळ्यांसाठीच ठेवा.

वेळेचा अंदाज असू द्या. सावकाश, नीट वाचलं तर तीनशे पानांचं मराठी पुस्तक साधारण नऊ ते दहा तासांचं होतं. रोज अर्धा तास म्हणजे वीस दिवस. हा आकडा ऐकून दचकू नका. पोथी महिनाभर चालायची, तेव्हा कोणी घड्याळ लावत नव्हतं.

तिसरी पायरी: आवाज पारखून घ्या

मला विचाराल तर अर्धं पुस्तक लेखकाचं आणि अर्धं वाचणाऱ्याचं. लेखक कितीही मोठा असो, आवाज मानवला नाही तर पुस्तक दहा मिनिटांत मरतं. बहुतेक ठिकाणी पैसे भरण्याआधी नमुना ऐकता येतो. पाच मिनिटं ऐका आणि या गोष्टींकडे कान द्या.

एक म्हणजे च, ज आणि झ. मराठीत ही अक्षरं दोन तऱ्हांनी उच्चारली जातात, लिहिताना फरक दिसत नाही. ‘माणसाची जात’ आणि ‘तो जात होता’ यांतले ज वेगळे. ‘सगळं जग’ आणि ‘सुखाने जग’ यांतलेही वेगळे. मुरलेला वाचक, म्हणजे माईकसमोर बसून वाचणारा, इथे कधी अडखळत नाही. यंत्राने तयार केलेला आवाज नेमका इथे सापडतो, ‘जग बाबा’ला ‘दुनिया बाबा’ करून टाकतो. हल्ली असे आवाज वाढलेत आणि काही ऐकायला गोडही आहेत, पण मला ते कथा-कादंबरीला चालत नाहीत. थांबायचं कुठे ते त्यांना कळत नाही. पत्र उघडून ती बाई थांबली नसती, तर आईच्या हातातली काडी अडली नसती.

दुसरं, संवाद. चांगला वाचणारा बाईच्या वाक्याला आवाज बारीक करून नाटक करत नाही, नुसता सूर बदलतो आणि तरी कोण बोलतंय ते कळतं. तिसरं, बोली. आपल्या जिल्ह्यात बागलाण-मालेगावकडे अहिराणी बोलतात. पुस्तकात तशी वाक्यं असली आणि वाचणारा ती गावंढळपणाची नक्कल म्हणून वाचत असला, तर मी ते पुस्तक तिथेच बंद करते. ती कोणाच्या तरी आईची भाषा आहे.

एकाच आवाजातलं वाचन आणि अनेक कलाकारांचं, संगीतासह केलेलं नाट्यरूप अशी दोन्ही मिळतात. आकाशवाणीच्या श्रुतिका ऐकत मोठ्या झालेल्यांना दुसरा प्रकार लगेच आपलासा वाटतो, मुलांनाही. पण साठीपुढच्या कानांना पाठीमागच्या संगीतातून शब्द वेगळे काढणं जड जातं. आईसाठी मी एकच आवाज आणि कोरडी शांतता असलेलीच पुस्तकं निवडते. लेखकाने स्वतः वाचलेलं पुस्तक सापडलं तर आवाज जरा ओबडधोबड असला तरी घ्या.

चौथी पायरी: आता ॲप

स्टोरीटेल ही स्वीडिश कंपनी २०१७ साली भारतात आली आणि मराठीत तिने मोठा संग्रह उभा केला. मराठीच ऐकायचं असेल तर मी शोधायला तिथून सुरुवात करते. ऑडिबल २०१८ साली आपल्याकडे आलं. तिथे इंग्रजीचा साठा अफाट आहे. कुकू एफएमवर मराठीत छोट्या भागांच्या गोष्टी आणि पुस्तकांचे सारांश बरेच मिळतात. सारांश ऐकणं म्हणजे पुस्तक ऐकणं नव्हे, एवढं ध्यानात ठेवा. लिब्रिवॉक्सवर २००५ पासून जगभरचे स्वयंसेवक हक्कमुक्त पुस्तकं वाचून फुकट ठेवतात. त्यात इंग्रजी सर्वांत जास्त, आणि इंग्रजी सुधारायचं असलेल्या कॉलेजच्या मुलांना मी तेच सांगते: छापील पान समोर ठेवा आणि सोबत ऐका.

पैशाचे प्रकार दोन. एकात महिन्याची किंवा वर्षाची वर्गणी भरायची आणि ती चालू असेपर्यंत संग्रहातलं ऐकायचं. हे भाड्याच्या घरासारखं, वर्गणी थांबली की पुस्तकंही जातात. दुसऱ्यात पुस्तक विकत घ्यायचं, ते तुमच्या खात्यात राहतं. महिन्याला तीन-चार पुस्तकं ऐकणाऱ्याला वर्गणी परवडते. दोन महिन्यांतून एक ऐकणाऱ्याने विकत घ्यावं.

भरण्याआधी दोन कामं करा. तुम्हाला ऐकायच्या पाच मराठी पुस्तकांची नावं कागदावर लिहा आणि ॲपमध्ये शोधा. तीनही सापडली नाहीत तर ते ॲप तुमचं नाही, जाहिरात कितीही मोठी असो. आणि फुकट महिना घेतलात तर तो संपायच्या दोन दिवस आधीची आठवण फोनमध्ये लावा. मी विसरले होते, आणि एका सकाळी पूर्ण वर्षाची रक्कम खात्यातून गेली. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे नावाचा भाग असतो, तिथे कोणाकोणाला परवानगी दिलीय ते दिसतं आणि बंदही करता येते. घरातल्या मोठ्यांच्या फोनवर हे एकदा बघून घ्या.

यूट्यूबवर खूप काही फुकट आहे आणि त्यातलं बरंचसं परवानगी न घेता चढवलेलं आहे. प्रकाशकाचं किंवा वाचणाऱ्याचं स्वतःचं चॅनेल असेल तर बिनधास्त ऐका. पण कोणीतरी विकतचं पुस्तक रेकॉर्ड करून तुकड्या-तुकड्यांत टाकलेलं असेल तर नको. एक तासाच्या वाचनामागे कित्येक तासांची तयारी, ध्वनिमुद्रण, चुका काढणं असतं. मराठीत या कामाला आधीच पैसा कमी आहे. तो पोचायला हवा तिथे पोचू द्या.

आणखी एक सोय, जी फार लोकांना ठाऊक नाही. दृष्टी नसल्यामुळे किंवा दुसऱ्या अपंगत्वामुळे ज्यांना छापील मजकूर वाचता येत नाही, त्यांच्यासाठी २०१६ पासून ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय आहे. भारतीय भाषांतली पुस्तकं तिथे त्यांना वाचता-ऐकता येतील अशा रूपात मिळतात. बोलत्या पुस्तकांचा जन्म तरी याच गरजेतून झाला. एडिसनने १८७७ मध्ये फोनोग्राफ बनवला, तेव्हा अंधांसाठी पुस्तकं हा त्याचा एक उपयोग म्हणून त्याने सांगितला होता. १९३० च्या दशकात अमेरिकेत अंध वाचकांसाठी तबकड्यांवर पुस्तकं निघू लागली. आपण डोळस लोक या घरात मागाहून आलेले पाहुणे. ओळखीत कोणी अंध विद्यार्थी असेल तर त्याच्यापर्यंत हे नाव पोचवा.

पाचवी पायरी: फोन तयार ठेवा

पुस्तक घरच्या वाय-फायवर आधी डाउनलोड करा. हे मी पंचवटी एक्स्प्रेसमध्ये शिकले. नाशिक रोडला खिडकीची जागा मिळाली, इगतपुरीपर्यंत कादंबरी रंगली, आणि कसारा घाटात गाडी बोगद्यात शिरली तशी वाचणाऱ्याचं वाक्य अर्ध्यात कापलं गेलं. बाहेर आली, दोन शब्द, पुन्हा बोगदा. खून कोणी केला ते कल्याणला कळलं. डाउनलोडला जागा फार लागत नाही. साध्या दर्जाचा आवाज तासाला तीसेक एमबी, म्हणजे दहा तासांचं पुस्तक तीनशे एमबीच्या आसपास.

ॲपमध्ये सुरुवातीला तीनच बटणं शिका: सुरू-बंद, मागे जाण्याचं आणि झोपेचा टायमर. मागे जाण्याचं बटण पंधरा किंवा तीस सेकंदांचं असतं, तेच तुमचं पान उलटणं. रात्री ऐकणार असाल तर टायमर पंधरा मिनिटांवर लावल्याशिवाय पडूच नका. माझी पहिली खेप या एका बटणावाचून बुडाली. अँड्रॉइड फोनमध्ये पडदा बंद झाल्यावर पुस्तक आपोआप थांबत असेल, तर ॲपच्या बॅटरीच्या सेटिंगमध्ये बंधन काढून टाका. दहापैकी आठ वेळा तेच कारण असतं.

वेग एक पट. अगदी सावकाश वाचन असेल तर सव्वापट चालेल, त्यापुढे नको. वाक्यांमधली शांतताच त्यात पहिल्यांदा कापली जाते.

स्वयंपाकघरात इअरफोनपेक्षा छोटा ब्लूटूथ स्पीकर बरा. कुकरची शिट्टी मोजता येते आणि कोणी हाक मारली तर ऐकू येते. स्पीकर नसेल तर फोन रिकाम्या पातेल्यात उभा ठेवा, आवाज भरदार होतो. इअरफोन लावायचेच तर आवाज निम्म्याच्या थोडा वर, बास. जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्यांसाठीची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास अशी आहे. आवाज वाढला की हे तास भराभर घटतात. आणि दुचाकीवर इअरफोन अजिबात नाहीत. द्वारकेच्या चौकात हॉर्न ऐकू न येणं कुठल्याही कादंबरीच्या किमतीचं नाही. चालतानाही रस्ता ओलांडायचा असेल तर एक कान मोकळा ठेवा.

घरातल्या वयस्क माणसाला फोन लावून देणार असाल तर ॲपचं चिन्ह पहिल्याच पडद्यावर, एकटं ठेवा. पुढची दोन पुस्तकं आधीच उतरवून ठेवा. आणि त्यांच्या देखत स्वतः बटणं दाबू नका, त्यांच्या बोटांनी दाबायला लावा. आईला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी मी ऑफिसातून आले तेव्हा दुसरी कथा अर्धी झाली होती आणि माझ्यासाठी थांबायची तिची तयारी नव्हती.

सहावी पायरी: मन भरकटेल तेव्हा

भरकटणारच. पुस्तक वाचताना डोळे ओळींवरून फिरतात आणि मन भिशीच्या हप्त्यात असतं, तेव्हा आपण त्याला ‘मला वाचता येत नाही’ म्हणत नाही. ऐकताना मात्र लगेच म्हणतो.

एखाद-दुसरं वाक्य निसटलं तर जाऊ द्या, गोष्ट स्वतः सांभाळून घेते. कोण बोलतंय तेच कळेनासं झालं तर तीस सेकंद मागे. तीनदा मागे जाऊनही तेच झालं, तर आजचं ऐकणं संपलं असं समजा आणि बंद करा. तीन दिवस ओळीने असं झालं तर पुस्तक बदला. कंटाळा आलेलं पुस्तक पैसे भरलेत म्हणून रेटणं, याच्याइतकं ऐकण्याला मारक काही नाही. वर्षाला किती पुस्तकं झाली याचा आकडा ठेवू नका. मी ठेवत होते तेव्हाच सुख गेलं होतं.

झोपताना ऐकायचं पुस्तक वेगळं ठेवा: पाठ असलेलं, कुठूनही कुठेही तुटलं तरी चालणारं. जागेपणीचं पुस्तक अंथरुणावर न्यायचं नाही.

सातवी पायरी: कोणाच्या तरी सोबत ऐका

छापील पुस्तक दोघांना एका वेळी वाचता येत नाही. ऐकता येतं, आणि ही गंमत इअरफोनमुळे आपण विसरलो. आईबरोबर ऐकताना मी गोष्ट मधे थांबवून विचारायचे, ‘काय वाटतं, जाईल का ती परत?’ आई म्हणायची, ‘जाईल, पण पोरगी घेऊन जाईल.’ तिचं बरोबर निघालं की दिवसभर चेहऱ्यावर ते दिसायचं. अशा एका थांब्यात तिने तिच्या मावशीची गोष्ट सांगितली, जी मी चाळीस वर्षांत ऐकली नव्हती. पुस्तक त्या दिवशी पुढे गेलंच नाही.

मुलांबरोबर ऐकायचं तर जेवताना नको, त्यांचं जेवण थांबतं. गावाला जाताना गाडीत लावा. सिन्नर ओलांडेपर्यंत कुरकुर करतील, मग संगमनेर कधी आलं ते कळणार नाही.

ऐकून आवडलेलं पुस्तक छापील मिळवा. सावाना १८४० पासून आपल्या गावात आहे, तिथे विचारा. सोसायटीतल्या चार-पाच घरांनी मिळून वाचायचं ठरवलं तर कुसुमाग्रज प्रतिष्ठानची ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही पुस्तकांच्या पेट्यांची योजना आहे. ऐकणं हे वाचनाच्या जागेवर बसत नाही, त्याच्या शेजारी बसतं.

आईचा चष्मा पाच आठवड्यांनी आला. पहिल्याच दिवशी तिने सावानातून तोच कथासंग्रह मागवला, जो कानाने पूर्ण झाला होता. मी विचारलं, ‘अगं, ऐकलंस ना हे सगळं?’ म्हणाली, ‘ते पत्र बघायचंय मला, कसं लिहिलंय ते.’ दुपारी खिडकीशी बसून तिने ती कथा वाचली. वाचताना ओठ हलत होते आणि त्या एका जागी थांबलेही.

आता दुपार डोळ्यांची आणि सकाळ कानांची, अशी तिने वाटणी केली आहे. काल मी आंघोळीला निघाले होते तर स्वयंपाकघरातून हाक आली, ‘अगं, तीस सेकंद मागे घे गं जरा, हात पिठाचे आहेत. मिक्सर लागला आणि सासरा काय म्हणाला ते गेलं माझं.’